शुद्ध तेल आणि शरीराचे वावडे

मार्गशीर्ष अमावास्येच्या दुपारी बिदर, भालकी, बसवकल्याण, आळंद या बाजूच्या गावांत घरे ओस पडलेली असतात, कारण सारा गाव शिवारात गेलेला असतो. कानडी बोलणारे या दिवसाला एळ्ळ अमावास्या म्हणतात, मराठी बोलणारे वेळ अमावास्या किंवा नुसते येळवस म्हणतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारलेली असते, तिच्यासमोर भज्जी, आंबील, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी आणि उंडे मांडलेले असतात. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पंगतीस बसवावे, अशी या दिवसाची रीत आहे. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या. जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हा भाग एकीकडे गेला आणि बिदर, भालकी, औराद दुसरीकडे राहिले. पण येळवशीच्या पंगतीला ती रेषा कधी दिसली नाही.

अशा एका पंगतीची कल्पना करावी. उदगीरहून आलेल्या पाहुण्यांत सहा-सात वर्षांचा एक मुलगा आहे. दोन घास खाऊन होतात न होतात तोच त्याचे ओठ सुजू लागतात, अंगावर गांधी उठतात आणि त्याचा आवाज घोगरा होतो. आई घाबरून म्हणते, "ताई, याला शेंगदाण्याचं वावडं आहे. भज्जीत शेंगा घातल्या होत्या का?" यजमानीण शपथेवर सांगते, "शेंगा कशातच घातल्या नाहीत. तेल तेवढं शेंगांचं आहे, तेही घाण्यावरचं. अगदी शुद्ध!"

या संवादात खोटे कोणीच बोलत नाही. तेल खरोखरच शुद्ध आहे, भेसळ नाही, भांडी लख्ख आहेत, वाढणाऱ्या हातात माया आहे. तरीही मूल संकटात आहे. तेलाची शुद्धता आणि खाणाऱ्याची सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींची परीक्षाही वेगवेगळी आहे, हे ध्यानात आल्यावाचून या प्रसंगाचा उलगडा होत नाही.

आपल्या भाषेत 'वावडे' हा मोठा समर्पक शब्द आहे. अमक्याला वांग्याचे वावडे, तमक्याला मसुरीचे वावडे, असे घरोघरी म्हटले जाते. मात्र हा शब्द इतका सैल वापरला जातो की, नावड, अपचन आणि जिवावरचे संकट या तिन्ही गोष्टी त्याच्या पोटात मावतात. त्यामुळे खऱ्या वावड्याचे मूल पुष्कळदा खोडकर अथवा लाडावलेले ठरते. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली 'ॲलर्जी' हा शब्द योजला. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी पदार्थालाच शत्रू समजते आणि त्याच्यावर तुटून पडते, असा हा विकार आहे. हा शत्रू बहुतेक वेळा अन्नातील एखादे प्रथिन असतो. रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडे ते प्रथिन ओळखतात, काही पेशींतून हिस्टामीनसारखी द्रव्ये एकदम बाहेर पडतात, आणि मग गांधी, सूज, ओकारी, धाप व क्वचित रक्तदाब कोसळणे हा क्रम मिनिटांत घडतो.

विष आणि वावडे यांतील भेद येथेच स्पष्ट करणे बरे. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले, आणि साथीच्या जलोदराने साठांहून अधिक माणसे दगावली. त्या बियांतील सँग्विनरीन हे द्रव्य जो खाईल त्याला बाधते. तेथे आवडनिवड नाही, प्रकृतिभेद नाही. ते विष होय. त्या दुर्घटनेनंतर त्याच वर्षी खाद्यतेल बंद पुड्यांत वा डब्यांत विकण्याविषयीचा केंद्र सरकारचा आदेश निघाला. वावड्याचा प्रकार निराळा आहे. पंगतीतील पन्नास जण तेच अन्न खाऊन तृप्त होतात आणि एकावन्नाव्याचा श्वास कोंडतो. विष तेलात असते. वावड्याचा अर्धा भाग तेलात असतो आणि अर्धा खाणाऱ्याच्या रक्तात असतो. म्हणूनच केवळ तेल तपासून वावड्याचा निकाल लागत नाही, आणि केवळ रक्त तपासूनही लागत नाही.

आता तेलाकडे वळू. प्रथिन हे पाण्याशी मैत्री करणारे द्रव्य आहे. तेलात ते विरघळत नाही. मग तेलात वावड्याचे कारण यावेच कसे? याचे उत्तर तेल काढण्याच्या रीतीत आहे. घाण्यात दाणे चिरडले जातात, लाट फिरते, तेल वर येते आणि पेंड उरते. दाण्यातील बहुतेक सारे प्रथिन त्या पेंडीत राहते. म्हणूनच पेंड ही दुभत्या जनावरांची खुराक आहे. परंतु पेंडीचे अतिसूक्ष्म कण तेलात तरंगत राहतात. तेल निवळले, कापडातून गाळले, तरी ते सारे जात नाहीत. तळाशी बसलेला गाळ हा त्यांचाच साक्षी असतो. घाण्याच्या तेलाला जो दाण्याचा वास आणि जी चव असते, ती लोकांना प्रिय आहे आणि ती योग्यच आहे. पण ज्या रीतीमुळे ती चव टिकते, त्याच रीतीमुळे प्रथिनाचे काही कणही टिकतात.

कारखान्यातील शुद्धीकरणाची रीत याहून वेगळी. तेथे तेलातील चिकट द्रव्ये वेगळी करतात, क्षाराने आम्लता मारतात, विशिष्ट मातीतून रंग काढून घेतात आणि शेवटी निर्वात पात्रात दोनशे अंशांहून अधिक उष्णतेवर वाफ सोडून वास घालवतात. या साऱ्या संस्कारांतून प्रथिन जवळजवळ नाहीसे होते. बिदर जिल्ह्यात खरिपात सोयाबीनचे पीक मोठे असते. त्याचे तेल बहुधा अशा कारखान्यांतूनच बाजारात येते. ज्याला सोयाबीनचे वावडे आहे त्याला सोयाबीनच्या पिठापासून जेवढा धोका, तेवढा या तेलापासून नसतो, याचे कारण हेच.

ही केवळ तर्काची गोष्ट राहिलेली नाही. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टन येथील संशोधकांनी शेंगदाण्याचे वावडे सिद्ध झालेल्या ६० व्यक्तींना दोन्ही प्रकारचे शेंगतेल डॉक्टरांच्या देखरेखीखाली देऊन पाहिले. त्यांचा अहवाल १९९७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. शुद्धीकृत तेलाने एकालाही बाधा झाली नाही. कच्च्या, म्हणजे शुद्धीकरण न झालेल्या तेलाने मात्र ६ जणांना बाधा झाली. ती सौम्य होती, पण होती. दहातील एक हे प्रमाण थोडे म्हणता येत नाही. ज्याला लोक 'शुद्ध' म्हणून गौरवितात ते घाण्याचे तेल या थोड्या लोकांच्या दृष्टीने अधिक जोखमीचे ठरते, आणि ज्याला 'कारखान्याचे' म्हणून नाक मुरडतात ते त्यांना अधिक सोसते. घाण्याच्या तेलाची निंदा करण्याचे यात काही कारण नाही. इतरांसाठी ते उत्तम अन्न आहे. एवढेच की, 'शुद्ध' हा शब्द उच्चारला म्हणजे सर्व प्रश्न संपले, असे मानता येत नाही.

मग तेलाची झटपट परीक्षा करण्याची काही रीत आहे काय? आहे, तेलाच्या झटपट परीक्षा या देशाला नव्या नाहीत. त्यांतील बॉडोइन कसोटी विशेष मनोरंजक आहे. परीक्षानळीत थोडे तेल घ्यावे, त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्यूरल या द्रव्याचे काही थेंब घालून हलवावे. तेलात तिळाचे तेल असेल तर खाली बसणारे आम्ल गुलाबी-तांबडे होते. वनस्पती तूप बाजारात आले तेव्हा ते साजूक तुपात मिसळून विकण्याचा मोह व्यापाऱ्यांना होऊ लागला. यावर उपाय म्हणून प्रत्येक डब्यातील वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल घालण्याची कायद्याने सक्ती करण्यात आली. त्यामुळे तुपात वनस्पती मिसळले की आम्ल तांबडे होई आणि चोरी उघडी पडे. युक्ती चतुर होती आणि तिने अनेक दशके काम केले. परंतु प्रामाणिकपणाची खूण म्हणून डब्यात घातलेले तीळच एखाद्याच्या वावड्याचे असू शकतात, हा विचार त्या काळी कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

शिवाय बॉडोइन कसोटीला जो रंग येतो तो प्रथिनामुळे येत नाही. तिळातील सेसॅमोल नावाच्या द्रव्यामुळे येतो. म्हणून ही कसोटी 'हे तेल तिळाचे आहे काय?' एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देते. 'यात तिळाचे प्रथिन आहे काय?' हा प्रश्न तिला विचारलेलाच नसतो. धोत्र्याच्या तेलाची नायट्रिक आम्लाची कसोटी अशीच आहे. आम्ल तांबूस झाले तर विषाचा संशय घ्यावा, पण वावड्याविषयी ती मूक आहे. भजी पुन्हा पुन्हा तळलेल्या तेलासाठी आता एक विद्युत् उपकरण मिळते. त्यातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांहून अधिक झाली तर ते तेल वापरू नये, असा नियम देशात १ जुलै २०१८ पासून लागू झाला. हे उपकरणही तेल किती बिघडले ते सांगते. त्या कढईत आधी काय तळले होते ते सांगत नाही. प्रत्येक कसोटी तिला विचारलेल्या एकाच प्रश्नाचे उत्तर देते. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावले की फसगत होते.

प्रथिनाचा प्रश्न विचारण्यासाठी वेगळ्या कसोट्या निघाल्या आहेत. प्रयोगशाळेतील एलायझा या पद्धतीत शेंगदाण्याचे अथवा तिळाचे प्रथिन नेमके ओळखणारी प्रतिपिंडे वापरतात आणि रंगाच्या गडदपणावरून त्याचे प्रमाण मोजतात. तिचेच सुटसुटीत रूप म्हणजे पट्टी. घरी गर्भधारणा ओळखण्यासाठी जी पट्टी मिळते, तिच्याच तत्त्वावर ही चालते. पट्टीच्या एका टोकाला सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांशी जोडलेली प्रतिपिंडे असतात. तपासावयाचा द्रव पट्टीवरून वर चढू लागला की त्यातील प्रथिन या कणांना चिकटते आणि पुढे आखलेल्या रेषेवर अडकून पडते; रेषा तांबडी दिसते. दुसरी रेषा पट्टी नीट चालली एवढे सांगण्यासाठी असते. सारे काम दहा-पंधरा मिनिटांत आटोपते. दशलक्ष भागांत काही थोडे भाग प्रथिन असले, तरी चांगली पट्टी ते दाखविते.

एवढी सूक्ष्मता पुरेशी आहे काय, हे आकड्यांनी पाहता येते. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने शेंगदाणा आणि तीळ या दोहोंसाठी २ मिलिग्रॅम प्रथिन ही संदर्भमात्रा सुचविली आहे. शेंगदाण्याचे वावडे असलेल्या शंभरांतील सुमारे पंचाण्णव जणांना एवढ्या मात्रेने उघड लक्षणे होणार नाहीत, असा तिचा अर्थ. ही मात्रा किती थोडी? अर्ध्या ग्रॅमच्या एका शेंगदाण्यात सुमारे १२५ मिलिग्रॅम प्रथिन असते. त्याचा साठावा हिस्सा म्हणजे ही मात्रा. एखाद्याच्या जेवणात २० ग्रॅम तेल गेले आणि त्यातून २ मिलिग्रॅम प्रथिन पोटात जावयाचे असेल, तर तेलात दशलक्ष भागांत शंभर भाग प्रथिन असावे लागेल. चांगल्या पट्टीला याहून कितीतरी कमी ओळखता येते. म्हणजे पट्टीच्या दृष्टीत उणीव नाही. उणीव असते ती तिच्यासमोर ठेवलेल्या थेंबात.

तेलाचा थेंब सरळ पट्टीवर टाकला तर काहीच घडत नाही. पट्टीला पाण्याचा द्रव लागतो. म्हणून तेल विशिष्ट क्षारद्रवाबरोबर जोराने घुसळून त्यातील प्रथिन पाण्यात उतरवावे लागते आणि मग खालचा पाण्याचा थर घ्यावा लागतो. हे काम अपुरे झाले तर प्रथिन तेलातच राहते, रेषा उमटत नाही आणि तेल निर्दोष असल्याचा भास होतो. दुसरी अडचण गाळाची. डबा संथ उभा असताना वरचे निवळ तेल तपासले तर कण हाती येत नाहीत. पण डबा संपत आला की तोच गाळ कुणाच्या तरी ताटात जातो. तिसरी अडचण उष्णतेची. तळणीच्या तापाने प्रथिनाची घडण मोडते आणि पट्टीवरील प्रतिपिंडांना ते ओळखू येत नाही. शरीर मात्र ते ओळखू शकते. चौथी अडचण सर्वांत विलक्षण आहे. प्रथिन फार अधिक झाले तर काही पट्ट्यांवर रेषा उलट फिकी पडते. आणि पाचवी गोष्ट अगदी साधी: शेंगदाण्याची पट्टी शेंगदाण्याविषयीच बोलते. तिळाविषयी, सोयाबीनविषयी तिला काही विचारलेले नसते.

म्हणून रेषा उमटली तर तेल टाळावे हे निःशंक. पण रेषा न उमटणे म्हणजे निर्धोकतेचा दाखला नव्हे. प्रशिक्षित हातांनी, तळापासून ढवळलेल्या तेलाचा नमुना घेऊन, पुन्हा पुन्हा केलेली तपासणीच विश्वासाची असते. कारखान्यात, मोठ्या भोजनालयात, शासकीय प्रयोगशाळेत ती शक्य आहे. आठवड्याच्या बाजारातून अर्धा किलो तेल घेणाऱ्या गृहिणीकडून तिची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

मग तिच्या हाती काय आहे? तिच्या हाती प्रश्न आहे, आणि या सीमाभागात तो दोन भाषांत विचारता आला पाहिजे. तेलाची नावे मोठी फसवी असतात. मुळात 'तेल' हा शब्दच तिळापासून, संस्कृतातील 'तैल' या रूपाने, आलेला आहे; पुढे तो साऱ्यांच तेलांना लागला. मराठीतील 'गोडेतेल' हे नाव तर बी कोणते ते सांगतच नाही. कानडीतील 'ओळ्ळेण्णे' म्हणजे शब्दशः चांगले तेल. कोशात त्याचा अर्थ तिळाचे तेल असा दिला जातो, पण अनोळखी माणसाला त्यातून काय बोध व्हावा? सुदैवाने शेंगांना दोन्हीकडे शेंगाच म्हणतात. करडईला कानडीत कुसुबी म्हणतात, जवसाला अगसी, तिळाला एळ्ळु. कारळ्याला मात्र गुरेळ्ळु किंवा हुच्चेळ्ळु म्हणतात. या नावांत एळ्ळु असले तरी ते तीळ नव्हेत. ज्याच्या घरी तिळाचे वावडे आहे त्याने हे शब्द लिहून जवळ ठेवावेत. घाण्याला तिकडे गाण म्हणतात. दोन्ही भाषांतील शब्द इतके जवळचे आहेत की, विचारणाऱ्याला संकोच वाटू नये.

घाण्यावर दुसराही एक प्रश्न विचारावयाचा असतो: 'याच्या आधी घाण्यात काय घातले होते?' एकाच घाण्यात सकाळी शेंगा, दुपारी करडई, दुसऱ्या दिवशी तीळ असा क्रम चालतो. पहिल्या दाण्याची पेंड फटींत चिकटून राहते आणि नंतर निघालेल्या करडईच्या तेलात तिचा अंश उतरतो. करडईचे म्हणून घेतलेले तेल करडईचेच असते, त्यात लबाडी नसते. पण शेंगांचा स्पर्श त्याला झालेला असतो. ज्यांच्या घरी वावडे आहे त्यांनी घाणेवाल्याला तसे मोकळेपणाने सांगावे. आपल्या मालाच्या नावलौकिकाला जपणारा माणूस अशा वेळी मदत नाकारत नाही. शक्य असेल तर घरातील त्या एका व्यक्तीपुरते बंद डब्यातील शुद्धीकृत तेल वापरावे, आणि तेही कोणत्या बियांचे ते डॉक्टरांना विचारून ठरवावे. हॉटेलातील अथवा जत्रेतील कढईच्या बाबतीत तर हाच प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. आधीच्या तळणीत काय होते, ते नंतरच्या तळणीला चिकटते.

कायद्याची मदत किती? भारतात २०२० साली अधिसूचित झालेल्या लेबलविषयक नियमांनी ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि ठरावीक मर्यादेपलीकडील सल्फाइट यांचा उल्लेख वेष्टनावर करणे आवश्यक ठरविले. या यादीत तिळाचे नाव नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हे नववे प्रमुख वावड्याचे अन्न म्हणून वेष्टनावर नोंदवावे लागते. तेलाविषयी तर देशोदेशींचे एकमत नाही. अमेरिकेच्या २००४ च्या कायद्याने अतिशुद्धीकृत तेलांना अशा नोंदीतून वगळले. युरोपीय संघाने शुद्धीकृत सोयाबीन तेलाला सूट दिली, पण शेंगदाण्याच्या तेलाला दिली नाही. ज्या देशात संक्रांतीला घरोघरी तिळगूळ वाटला जातो आणि येळवशीला भाकरीवर तीळ थापले जातात, तेथे वेष्टनावर तिळाची नोंद असावी, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. मात्र येळवशीच्या पंगतीला वेष्टन नसते, हेही तितकेच खरे. तेथे माणसाचा शब्द हेच लेबल.

येथे दुसऱ्या टोकाला जाण्याचा धोकाही सांगितला पाहिजे. वावड्याच्या भीतीने लेकरांचे शेंगदाणे, तीळ, डाळी सरसकट बंद करणे हा घातकच प्रकार होय. या कोरडवाहू प्रदेशात गरिबाच्या मुलाला प्रथिन मिळते ते याच पदार्थांतून. कर्नाटकातच, बंगळूर व म्हैसूर भागातील प्रौढांची एक मोठी पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तीत सुमारे २६ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. पण खरे वावडे असण्याचा संभव सुमारे १.२ टक्के लोकांतच दिसला. म्हणजे रक्ताच्या तपासणीत 'आहे' असे आलेल्या बहुतेकांना ते अन्न सुखाने पचत होते. तेलाच्या पट्टीवरील कोरी जागा जशी पुरता भरवसा देत नाही, तशी रक्तातील प्रतिपिंडे पुरता दोष सिद्ध करीत नाहीत. काय खाल्ल्यावर, किती वेळाने, कोणती लक्षणे झाली, या हकिकतीला दोन्हींपेक्षा अधिक मोल आहे. ती आईने लिहून ठेवावी आणि तज्ज्ञासमोर मांडावी. निदान त्याने करावे. शेजाऱ्यांनी किंवा जाहिरातीने करू नये.

निदान झाल्यावर मात्र ते लपवू नये. मुलाच्या शाळेत वर्गशिक्षकांना आणि दुपारचे जेवण शिजविणाऱ्या बाईंना ते ठाऊक असावे. बाधा झाली तर काय करावयाचे हेही आधी ठरलेले असावे. नुसत्या गांधी उठल्या तर डॉक्टरांनी दिलेली गोळी पुरते. परंतु आवाज घोगरा झाला, धाप लागली, मूल पेंगू लागले किंवा ओकाऱ्यांबरोबर गळून गेले, तर गोळीच्या परिणामाची वाट पाहण्यास वेळ नसतो. अशा वेळी मांडीच्या स्नायूत द्यावयाचे ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार होय. मुलाला उभे करू नये, चालवू नये. आडवे ठेवून, आणि धाप असेल तर टेकून बसवून, जवळच्या रुग्णालयात न्यावे. बरे वाटले तरी काही तास तेथेच राहू द्यावे, कारण बाधा पुन्हा उलटू शकते.

आता पुन्हा त्या कोपेपाशी यावे. मुलाला कोणी तरी मोटारसायकलवरून तालुक्याच्या रुग्णालयात नेले आहे, वेळेवर इंजेक्शन मिळाले आहे, सायंकाळी तो आईच्या मांडीवर झोपला आहे. यजमानीण ओशाळी होऊन दारात उभी आहे. तिचा दोष नाही, हे तिला कोणी तरी सांगावयास हवे. त्याचबरोबर पुढच्या येळवशीला तिने काय करावे, हेही सांगावयास हवे. ते काम कठीण नाही. पंगत बसण्यापूर्वी तिने एकदा मोठ्याने विचारावे, "कोणाला कशाचं वावडं आहे का?" आणि तेल कशाचे, कोणत्या घाण्याचे, ते आपण होऊन सांगावे. ज्या शिवारात अनोळखी वाटसरूलाही जेवू घालतात, तेथे एवढा प्रश्न त्या आतिथ्याला शोभणाराच आहे. तपासणीच्या पट्ट्या उद्या अधिक स्वस्त आणि अधिक भरवशाच्या होतील, आणि तशा त्या व्हाव्यात. तोवर, आणि त्यानंतरही, वाढणाराने सांगावे आणि जेवणाऱ्याने विचारावे, एवढी जुनी रीत पाळली तरी पुष्कळ संकटे टळतील.